कपलर नंतर, आधी न्यूट्रल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. पहिल्या वाचनात तो नेहमीचाच वाटला, दुसऱ्या वाचनात त्यातल्या एका ओळीने मला काळजीत टाकलं. म्हणून त्या ओळीपासूनच सुरुवात करतो. आधी तुम्ही काय लिहिलंय ते थोडक्यात मांडतो, म्हणजे माझं काही चुकत असेल तर तुम्हाला सांगता येईल.

तुमचं घर दुमजली, जोडणी थ्री फेजची. खालचा मजला एका फेजवर, वरचा दुसऱ्या फेजवर, आणि पाण्याचा पंप तिन्ही फेजवर. दिवे आणि उपकरणं दुरून चालू-बंद करायला, विजेच्या तारांमधूनच संदेश पाठवणारी जुन्या एक्स-टेन पद्धतीची मॉड्यूल्स तुम्ही बसवली आहेत. तक्रारी चार. वरच्या मजल्यावरचे दिवे खालच्या कंट्रोलरला दाद देत नाहीत, पण पंप चालू असला की देतात. संध्याकाळी टीव्हीच्या कोपऱ्यातली मॉड्यूल्स बंद पडल्यासारखी वागतात. व्हरांड्यातला दिवा काही रात्री आपोआप लागतो. आणि वरचा हीटर लावला की खालच्या हॉलमधले बल्ब जास्त उजळतात. विक्रेत्याने सांगितलं की मीटरपाशी फेज कपलर (एका फेजवरचा सिग्नल दुसऱ्यावर नेणारं उपकरण) आणि बाहेरचा सिग्नल अडवणारा फिल्टर बसवला की सगळं जागेवर येईल. वीज कंपनीचे अधिकारी मीटरच्या कव्हरचं सील काढू द्यायला तयार नाहीत. त्यांना पटवायचं कसं, आणि ते नाहीच ऐकले तर तासाभरासाठी सील आपणच काढलं तर चालेल का, असं तुम्ही विचारताय.

सील काढू नका. मीटरपर्यंतची तार आणि मीटर ही मालमत्ता बहुतेक ठिकाणी पुरवठादाराची असते आणि तुटलेलं सील म्हणजे छेडछाड असाच अर्थ काढला जातो, तुमचा हेतू काहीही असो. शिवाय मीटरच्या आधीच्या टर्मिनलवरची वीज तुमच्या घरातला कुठलाही स्विच बंद करू शकत नाही. तिथे चूक झाली तर मधे येणारा फ्यूज तुमचा नसतो, तो लांब असतो आणि मोठा असतो. पण खरं सांगायचं तर हा वाद घालायची गरजच नाही. तुमच्या चार तक्रारींपैकी तीन मीटरच्या अलीकडच्या, म्हणजे घराच्या बाजूच्या आहेत, त्या तुम्ही तुमच्या डीबीत (घरातल्या मेन बोर्डात) सोडवू शकता. उरलेली चौथी कपलरने सुटणार नाही, आणि तिच्यासाठी मात्र वीज कंपनीला आजच फोन करायला हवा.

ती चौथी म्हणजे हीटर लावल्यावर हॉलमधले बल्ब उजळणं. बल्ब मंद झाले असते तर मी एवढा दचकलो नसतो. मोठा लोड लावला की त्याच फेजवरचा व्होल्टेज थोडा खाली येतो, ते स्वाभाविक आहे. पण एका फेजवर लोड आला आणि दुसऱ्या फेजवरचे दिवे वाढले, तर न्यूट्रल (तिन्ही फेजची वीज परत नेणारी सामाईक तार) कुठेतरी सैल किंवा जळका आहे असा संशय सगळ्यात आधी घ्यायचा. न्यूट्रल चांगला असतो तेव्हा प्रत्येक फेजला आपापले २३० व्होल्ट मिळतात. तो तुटला की वेगवेगळ्या फेजवरची उपकरणं एकमेकांच्या माळेत येतात आणि दोन फेजमधले ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. वाटणी मात्र उलटी होते. समजा एका फेजवर २,००० वॅटचा हीटर आहे, दुसऱ्यावर फक्त १०० वॅटचा साधा बल्ब आहे, तिसऱ्यावर काहीच नाही आणि न्यूट्रल पूर्ण तुटला. हीटरचा रोध साधारण २६ ओहम, बल्बचा ५२९. मग ४०० व्होल्टपैकी ३८०च्या आसपास एकट्या बल्बवर येतात. बल्बच्या जागी टीव्ही किंवा फ्रीज आहे असं समजा, म्हणजे मी घाई का करतोय ते कळेल.

हॉलमध्ये तुमचे जुने फिलामेंटचे बल्ब आहेत म्हणून हे तुमच्या नजरेत तरी आलं. एलईडी दिव्यांचा ड्रायव्हर बराच चढउतार स्वतःच पचवतो, त्यामुळे दिवे शांत राहतात आणि बिघाड लपून राहतो.

तपासायला डीबी उघडायची गरज नाही. हॉलमधल्या सॉकेटमध्ये मल्टिमीटर एसी व्होल्टवर लावा, आकडा लिहून ठेवा, कुणाला तरी वर पाठवून हीटर लावायला सांगा आणि परत आकडा पाहा. एखाद-दोन व्होल्टचा फरक मी सोडून देतो. पाच-दहा व्होल्टने वाढला तर लगेच हीटर, पंप असे मोठे लोड बंद करा, नाजूक उपकरणांचे प्लग काढून ठेवा आणि फोन उचला. तेवढाच प्रकार शेजाऱ्यांकडेही होतोय का ते विचारा. होत असेल तर दोष ट्रान्सफॉर्मर किंवा लाईनच्या बाजूला. फक्त तुमच्याकडेच असेल तर खांबावरून येणाऱ्या सर्व्हिस केबलपासून तुमच्या न्यूट्रल लिंकपर्यंत (डीबीतली, न्यूट्रल तारा एकत्र जोडणारी पट्टी) कुठेही असू शकतो, ते इथे बसून मला सांगता येणार नाही.

अशाच एका घरी मला मॉड्यूल्स नीट चालत नाहीत म्हणून बोलावलं होतं. मालकांनी तोवर तीन मॉड्यूल्स आणि एक कंट्रोलर बदलून पाहिला होता. मेन बंद करून, वीज नसल्याची खात्री करून मी डीबीचं झाकण काढलं आणि न्यूट्रल लिंकवर स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर मुख्य तारेचा स्क्रू अर्धा फेरा सहज फिरला. तारेच्या टोकाशी इन्शुलेशन कडक होऊन त्याला बारीक भेगा पडल्या होत्या, पितळेची पट्टी तेवढ्याच जागी काळपट झाली होती. टोक कापून, ताजं तांबं सोलून, स्क्रू घट्ट आवळला. त्या दिवशी मी दुसरं काहीच केलं नाही, आणि निम्म्या तक्रारी तिथेच संपल्या. तेव्हापासून कुठल्याही ऑटोमेशनच्या कामाला गेलो की मी पहिल्यांदा न्यूट्रल बघतो.

वीज कंपनीशी बोलताना एक गोष्ट सांभाळा. या तक्रारीत सिग्नल, ऑटोमेशन, कपलर यातला एकही शब्द येऊ देऊ नका. ते शब्द ऐकले की तुमची तक्रार ‘ग्राहकाच्या उपकरणाचा दोष’ या खान्यात जाते. एवढंच सांगा: एका फेजवर लोड टाकल्यावर दुसऱ्या फेजचा व्होल्टेज अमुकवरून तमुकवर जातो, न्यूट्रल सैल असल्याचा संशय आहे, सर्व्हिसची न्यूट्रल जोडणी तपासावी. सोबत तारीख, वेळ आणि मोजलेले आकडे द्या. तक्रार क्रमांक मागून लिहून ठेवा. खांबावर चढणारा लाइनमन व्होल्टची भाषा क्षणात समजतो, आणि आकडे हातात असले की फोनवरच्या माणसालाही ती तक्रार बाजूला ठेवणं अवघड जातं.

आता उरलेल्या तीन. यांना घाई नाही, पण क्रम आहे.

ही पद्धत कशी चालते हे माहीत असलं तर पुढचं सगळं आपोआप कळतं. एक्स-टेन १९७५ साली स्कॉटलंडमधल्या ग्लेनरॉथिस इथल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने तयार केली. विजेची लाट शून्यातून जाते त्या क्षणी १२० किलोहर्ट्झचा, एक मिलिसेकंदाचा ठिपका तारेवर सोडला जातो. ठिपका आहे की नाही यावरून एक आणि शून्य. थ्री फेजसाठी तोच ठिपका प्रत्येक अर्ध्या आवर्तनात तीनदा सोडतात, कारण प्रत्येक फेजचा शून्याचा क्षण वेगळा असतो. एक पूर्ण आज्ञा जायला ४७ आवर्तनं लागतात, म्हणजे ५० हर्ट्झवर जवळजवळ एक सेकंद. साध्या मॉड्यूलकडून ‘पोचलं’ अशी पावती येत नाही. कंट्रोलर बोलून मोकळा होतो, ऐकलं की नाही हे त्याला कळतच नाही.

१९७५च्या घरात बहुतेक फिलामेंटचे बल्ब, मोटारी आणि हीटर असायचे. यातलं काहीही १२० किलोहर्ट्झचा सिग्नल फारसा गिळत नाही. आज प्रत्येक टीव्ही, संगणक, यूपीएस आणि सर्ज प्रोटेक्शनवाल्या एक्स्टेंशन बोर्डात फेज आणि न्यूट्रलच्या मधे कपॅसिटर असतो. तो तिथे चांगल्यासाठीच असतो, गोंगाट अडवायला. पण ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ५० हर्ट्झच्या विजेला जवळजवळ ३२,००० ओहमचा वाटतो आणि १२० किलोहर्ट्झच्या सिग्नलला फक्त १३ ओहमचा. विजेला बंद दार, सिग्नलला उघडी मोरी. अशी चार-पाच उपकरणं एका कोपऱ्यात असली की त्या कोपऱ्यात सिग्नल उरत नाही. तुमच्या टीव्हीच्या कोपऱ्याचं हेच झालं असावं.

‘असावं’ म्हणतोय, कारण दुसरी शक्यताही आहे. सिग्नल गिळला जाणं आणि सिग्नल गोंगाटात बुडणं हे दोन वेगळे आजार आहेत आणि बाहेरून सारखेच दिसतात. माझा अनुभव असा: गिळणारं उपकरण नुसतं प्लगमध्ये असलं, बटण बंद असलं, तरी त्रास होऊ शकतो, म्हणून बिघाड दिवसभर सारखा राहतो. गोंगाट करणारं उपकरण चालू असेल तेवढाच वेळ त्रास देतं. तुमचा त्रास संध्याकाळचा आहे, म्हणून टीव्हीइतकाच एखाद्या स्वस्त चार्जरवर किंवा एलईडीच्या अडॅप्टरवरही माझा संशय आहे. बॅटरीवरचा ट्रान्झिस्टर मीडियम वेव्हवर स्टेशन नसलेल्या जागी लावा आणि एकेका अडॅप्टरजवळ न्या. गोंगाट करणारा अडॅप्टर जवळ आला की खरखर एकदम वाढते. मग खात्रीसाठी त्या कोपऱ्यातले सगळे प्लग काढा. मॉड्यूल चालतंय ना ते बघा. एकेक प्लग परत लावत जा आणि प्रत्येक वेळी आज्ञा देऊन पाहा. संध्याकाळ जाते यात, पण दुसरा खात्रीचा मार्ग मला माहीत नाही. गुन्हेगार सापडला की त्याच्या प्लगवर १२० किलोहर्ट्झ अडवणारा छोटा फिल्टर लावायचा. फिल्टरवर लिहिलेले अँपिअर उपकरणापेक्षा कमी नकोत. हे काम कपलरच्या आधी करायचं, कारण घरात मोरी उघडी असताना तुम्ही सिग्नल दुसऱ्या फेजवर नेलात, तरी पलीकडून तो त्याच मोरीत येऊन पडेल.

व्हरांड्यातल्या दिव्याचं बहुधा सोपं आहे. एक्स-टेनमध्ये १६ हाउस कोड आणि प्रत्येकात १६ युनिट कोड, एकूण २५६ पत्ते. विकत आणताना सगळं पहिल्या हाउस कोडवर असतं आणि बहुतेक लोक ते तसंच ठेवतात. एका ट्रान्सफॉर्मरवरच्या घरांमध्ये सिग्नल मीटर ओलांडून इकडून तिकडे जातो. शेजारी कुणी झोपायच्या वेळी बटण दाबत असेल आणि त्याचा पत्ता तुमच्या व्हरांड्याचाच असेल, तर दिवा लागणारच. तुमच्या सगळ्या मॉड्यूल्सचा हाउस कोड बदला आणि आठवडाभर वाट बघा. थांबलं तर विक्रेत्याने सुचवलेल्या, बाहेरचा सिग्नल अडवणाऱ्या घरभराच्या ब्लॉकिंग फिल्टरची गरज उरणार नाही. तरीही लागत राहिला तर मात्र गोंगाटातून चुकीची आज्ञा तयार होतेय का ते बघावं लागेल.

आता कपलर. तुम्हाला तो लागणार, हे तुमच्या पंपानेच सिद्ध केलंय. पंप चालू असताना मोटरच्या वाइंडिंगमधून सिग्नल एका फेजवरून दुसऱ्यावर जातो, म्हणून वरचे दिवे ऐकतात. पंप बंद असला की सिग्नलला सर्व्हिस केबलमधून ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यावं लागतं आणि वाटेत शेजाऱ्यांचे टीव्ही बसलेले असतात. कपलर म्हणजे त्या पंपाचं कायमचं, छोटं काम करणारा पूल. साध्या कपलरमध्ये फेजच्या मधे कपॅसिटर आणि कॉइलची १२० किलोहर्ट्झला जुळवलेली जोडी असते. मोठ्या घरात सिग्नल ऐकून नव्याने जोरात पाठवणारा रिपीटर लागतो. तुमच्या दुमजली घरात आधी साधाच लावून बघा, मात्र तो थ्री फेजसाठी, दोन फेजमधल्या ४०० व्होल्टसाठीच बनवलेला हवा. दुकानातला कुठलाही कपॅसिटर आणून घरी जोडायचा प्रयोग करू नका. फेजच्या मधे कायम राहणारा कपॅसिटर फुटला तर पेट घेतो.

तो बसतो तुमच्या डीबीत. विक्रेता ‘मीटरपाशी’ म्हणाला, पण त्याला बहुधा ‘मेन बोर्डात’ म्हणायचं असावं, कारण तिन्ही फेजचे फाटे तिथेच एकत्र असतात. सील केलेल्या भागाशी त्याचा संबंध नाही. त्याला स्वतःची थ्री पोल एमसीबी (जास्त प्रवाह आला की आपोआप पडणारा, तिन्ही फेज एकदम तोडणारा स्विच) द्या, तीन सुटे एमसीबी नकोत. एक बंद असताना दुसऱ्या फेजवरून कपलरमध्ये वीज येत राहते आणि काम करणारा माणूस फसतो. तारा आखूड ठेवा.

अजून एक गोष्ट, जी माहितीपत्रकात क्वचितच असते. तुमच्याकडे दोन मजल्यांना वेगवेगळ्या आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारे स्विच) असतील तर कपलर त्यांच्या आधी, मीटरच्या बाजूला जोडायचा, नंतर नाही. ०.१ मायक्रोफॅरडच्या पुलातून ४०० व्होल्टवर सुमारे साडेबारा मिलिअँपिअर सतत वाहतात, आणि एकाच फेजला असे दोन पूल जोडलेले असले तर २२च्या आसपास. हा प्रवाह एका आरसीसीबीतून जातो आणि दुसरीतून परत येतो, म्हणून दोघींनाही तो गळती वाटतो. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी १५च्या पुढे कधीही पडू शकते. मग कारण नसताना ट्रिप होत राहते आणि वैतागून कुणीतरी आरसीसीबीच काढून टाकतो, जे कधीच होता कामा नये. त्याच कारणाने स्विचबोर्डात न्यूट्रल सापडला नाही म्हणून मॉड्यूलला अर्थिंगवर चालवू नका, कुणी कितीही ‘चालतं’ म्हटलं तरी.

हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. त्यासाठी वीज कंपनी लागेल का, हे एका गोष्टीवर ठरतं: मीटरनंतर आणि डीबीच्या आधी तुमचा स्वतःचा आयसोलेटर, म्हणजे सगळा पुरवठा तोडणारा स्विच, आहे का? असेल तर तो बंद करून, मोजून, अख्खी डीबी मृत आहे हे बघून काम होतं. नसेल तर डीबीतल्या मेन स्विचची वरची टर्मिनल्स जिवंतच राहतात. अनुभवी माणूस तरीही काम करेन म्हणेल. तुम्ही नाही म्हणा आणि कंपनीकडे ठरवून बंद ठेवण्याचा लेखी अर्ज करा.

अर्जाचं कारण ‘ऑटोमेशन उपकरण बसवणे’ असं लिहू नका. ‘मीटरनंतर आयसोलेटर बसवण्यासाठी पुरवठा तात्पुरता बंद करून मिळावा, काम परवानाधारक वायरमन करेल’ असं लिहा, आणि त्या वेळेत खरोखरच आयसोलेटर बसवून घ्या. तो असणं त्यांनाही हवंच असतं. मीटरच्या बाहेर जाणाऱ्या टर्मिनलना हात लावायचा असेल तर सील तेच काढतील आणि तेच परत लावतील, त्याची नोंद मागून घ्या. त्याच भेटीत सर्व्हिसचा न्यूट्रल घट्ट करून मागा. पुढच्या वेळी कुणाच्या दारात जावं लागणार नाही.

अधिकाऱ्यांनी ‘यामुळे मीटर बिघडेल’ असा आक्षेप घेतला तर तो उडवून लावू नका, शंका रास्त आहे. काही ठिकाणी मीटरचं वाचनही तारांमधूनच होतं. युरोपच्या ईएन ५००६५ मानकात ३ ते ९५ किलोहर्ट्झ पुरवठादारांसाठी ठेवलेत आणि त्यापुढचे १४८.५पर्यंत ग्राहकांच्या उपकरणांसाठी. तुमचे १२० ग्राहकांच्या पट्ट्यात येतात, आणि कपलर मीटरच्या अलीकडे असतो, एवढं शांतपणे दाखवा. माहितीपत्रकाची प्रत आणि डीबीतल्या जोडण्यांचं साधं रेषाचित्र (सिंगल लाइन डायग्राम) सोबत न्या. माझ्या अनुभवात तोंडी समजावण्यापेक्षा ते चित्र जास्त काम करतं.

घरभराचा ब्लॉकिंग फिल्टर मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. तो मेन लाईनमध्ये मालिकेत बसतो, म्हणजे घराचा सगळा प्रवाह त्याच्यातून जातो. त्याची क्षमता मेन एमसीबीइतकी तरी हवी, बॉक्सला हवा लागायला हवी, आणि त्याचे स्क्रू सैल राहिले तर वर सांगितलेल्या न्यूट्रलसारखीच गत. हाउस कोड बदलून व्हरांड्याचा दिवा शांत झाला तर हा खर्च आणि हा जोड दोन्ही टाळा. शेजाऱ्याच्या घरातून, सोलर इन्व्हर्टरमधून वगैरे गोंगाट येतोय हे मोजून दिसलं तरच लावा, आणि लावलात तर मीटर आणि कपलरच्या मधे, कपलरच्या घरच्या बाजूला नाही.

हॉलच्या सॉकेटमधले दोन आकडे, हीटर बंद असतानाचा आणि चालू असतानाचा, इथे लिहा. ते बघितल्याशिवाय कपलरची निवड करायला मी सांगणार नाही.